सेक्वॉन गेला, म्हणून जो शेनला सुळावर द्यायचं?

अमेरिकन फुटबॉलची फायनल, म्हणजे सुपर बोल, होऊन जेमतेम आठवडा झाला होता. २०२५ चा फेब्रुवारी. या दिवसांत एडिसनच्या ओक ट्री रोडवर उभं राहणं म्हणजे शिक्षाच, तरी चहाचे कागदी ग्लास धरून आमची मंडळी पार्किंगमध्ये हजर. न्यू जर्सीच्या उत्तरेला न्यूयॉर्कच्या जायंट्सवाले, दक्षिणेला फिलाडेल्फियाच्या ईगल्सवाले, आणि मधल्या पट्ट्यात आम्ही. त्यामुळे अमेरिकन फुटबॉलवरून भांडायला आम्हाला पाहुणे बोलवावे लागत नाहीत.

बंड्या जायंट्सचा. त्याचं म्हणणं सोपं होतं: टीमसाठी खेळाडू निवडणाऱ्या जनरल मॅनेजर जो शेनला नारळ द्या, तोही आजच. मार्च २०२४ मध्ये शेनने चेंडू घेऊन धावणाऱ्या सेक्वॉन बार्कलीला जाऊ दिलं. ईगल्सनी त्याला तीन वर्षांसाठी पावणेअडतीस दशलक्ष डॉलरला उचललं आणि पहिल्याच सीझनमध्ये पठ्ठ्या २,००५ यार्ड धावला. वर सुपर बोल जिंकला, तोही स्वतःच्या वाढदिवसाला. इकडे जायंट्सचा शंभरावा सीझन, निकाल ३-१४, म्हणजे तीन जिंकले, चौदा हरले.

"खुद्द मालकाने सांगितलं होतं शेनला, सेक्वॉन फिलाडेल्फियाला गेला तर माझी झोप उडेल म्हणून. अख्ख्या देशाने टीव्हीवर बघितलं. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"आमच्या हाउई रोझमनकडे शिकवणी लावा त्याची," मामा म्हणाले. मामा ईगल्सचे, आणि रोझमन ईगल्सचा जनरल मॅनेजर. ते गेला आठवडाभर हसतच होते.

डॉक्टर इतका वेळ गप्प होता. (हा पेशंट तपासत नाही, औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासतो. इथे निम्मं गाव त्याच धंद्यात आहे.) "बंड्या, २०२३ मध्ये बार्कली किती धावला होता? चौदा सामन्यांत ९६२. दर धावेला चार यार्डसुद्धा पडत नव्हते. वय सत्तावीस, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्या दिवशी हातात एवढंच होतं. पुढचे दोन हजार यार्ड तुला आज दिसतायत."

"ईगल्सना कसे दिसले मग?"

"त्यांच्याकडे लाइन होती, पुढे राहून वाट मोकळी करणारे धिप्पाड गडी. जायंट्सच्या लाइनमागे तो दोन हजार धावला असता का?"

इथे मामांनी जॉर्डन मायलाटाचं पुराण काढलं, आणि ते ऐकण्यासारखं आहेच. ऑस्ट्रेलियातला सहा फूट आठ इंची रग्बीवाला. आयुष्यात अमेरिकन फुटबॉलचा एक सामना खेळला नव्हता. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) शेवटच्या, म्हणजे सातव्या फेरीत रोझमनने त्याला २३३ वा घेतला. आज तो बार्कलीसाठी भिंत फोडून वाट करून देतो. "बघितलंस? याला म्हणतात नजर!"

"नजर रोझमनची, पण त्याला घडवला लाइनचा कोच जेफ स्टाउटलंडने," डॉक्टर म्हणाला. "मग मार्क कुणाच्या वहीत लिहायचे?"

त्यावर मामा थोडे थंडावले. डॉक्टर मात्र पेटला. आयपीएलमध्ये ठरलेल्या मर्यादेत पैसे असतील तर लिलावात हव्या त्या खेळाडूवर बोली लावता येते. इथे कॉलेजच्या पोरांचा ड्राफ्ट असतो, सगळ्यात हरलेली टीम आधी निवडते, आणि पगाराच्या एकूण रकमेवर सगळ्यांना सारखी मर्यादा इथेही असते. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघांचा २०१३ चा एक शोधनिबंध आहे. एकाच जागेवर खेळणारी दोन पोरं पाठोपाठ निवडली गेली, तर आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता किती? ५२ टक्के. नाणं उडवलं तरी ५० असते.

"आणि मामा, २०२० आठवतंय? एकविसाव्या नंबरावर तुमच्या रोझमनने जेलन रेगर घेतला. बाविसाव्यावर मिनेसोटाने कोण घेतला?"

जस्टिन जेफरसन. मामांनी नाव घेतलं नाही, ग्लासात बघत बसले. दोघेही रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारे, आणि पाठोपाठचे नंबर. त्या वर्षी ईगल्स ४-११-१ होते (एक सामना बरोबरीत) आणि रोझमनला हाकला म्हणून फिलाडेल्फियात बोंबाबोंब चालली होती. गंमत म्हणजे त्याच ड्राफ्टमध्ये त्रेपन्नाव्या नंबरावर त्याने क्वार्टरबॅक (चेंडू फेकून खेळ चालवणारा) जेलन हर्ट्सही घेतला, परवाच्या फायनलचा सर्वोत्तम खेळाडू.

"सगळं नशीबच असेल तर पगार कशाचा देता रे?" वहिनींनी विचारलं. वहिनींना खेळात रस नाही, पण त्या ऑडिटमध्ये आहेत.

माझं मत मी तेव्हाच सांगितलं. खेळाडू कसा निघेल हे जनरल मॅनेजरच्या, म्हणजे जीएमच्या, हातात नसतं. मोजलेली किंमत, आणि अंदाज फसल्यावर किती लवकर हात सोडवून घेतला, हे असतं. शेनवर आरोपच ठेवायचा तर बार्कलीचा कशाला? मार्च २०२३ चा ठेवा. क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सने आदल्या सीझनमध्ये पासवर फक्त १५ टचडाउन केले होते, त्याला चार वर्षांचे १६० दशलक्ष लिहून दिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मोकळा केला. आता रोझमन बघा. त्यानेही २०१९ मध्ये आपला क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झशी तसाच मोठा करार केला. पण वर्षाच्या आत दुसऱ्या फेरीत हर्ट्स आणून ठेवला, आणि २०२१ मध्ये वेंट्झला विकताना पगाराच्या मर्यादेत सुमारे ३४ दशलक्षांचा बोजा एका वर्षात अंगावर घेतला. तेव्हा तो विक्रम होता. मला त्याच्या सुपर बोल जिंकल्याच्या दोन अंगठ्यांपेक्षा त्या ३४ दशलक्षांचं कौतुक जास्त आहे.

बंड्या ऐकणारा नव्हता, आणि त्याचा पुढचा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. "हात सोडवून घ्यायला खुर्ची शिल्लक लागते. २०१५ मध्ये रोझमनचे अधिकार काढून कोच चिप केलीला दिले होते, तरी मालकाने त्याला घरात ठेवला आणि वर्षाने परत बसवला. क्लीव्हलँडच्या साशी ब्राउनला कोणी ठेवला?"

खरं आहे. ब्राउन नावाला जीएम नव्हता, पण कारभार तोच बघायचा. २०१६ मध्ये ड्राफ्टमधला दुसरा नंबर त्याने याच रोझमनला विकला, त्यातून वेंट्झ आला. स्वतः पुढच्या ड्राफ्टच्या निवडी साठवत बसला. टीम आधी १-१५, मग ०-१२, आणि डिसेंबर २०१७ मध्ये घरी. साठवलेल्या निवडी खर्च केल्या पुढच्याने. जानेवारी २०२१ मध्ये क्लीव्हलँडने प्लेऑफमध्ये पिट्सबर्गला हरवलं तेव्हा ब्राउनची आठवण किती जणांना झाली असेल?

"म्हणजे शेनला किती वर्षं द्यायची?" वहिनी.

"चार ड्राफ्ट पुरे," डॉक्टर म्हणाला.

"एक मिनिटही नाही," बंड्या.

मामांचा उत्साह आता परत आला होता. "आम्हा ईगल्सवाल्यांना विचाराल तर," ते म्हणाले, "आजन्म ठेवा त्याला."