माशांचं ‘लिव्हर टॉनिक’: फिरत्या दाव्यात दम किती?

“खाद्यात रोज प्रोबायोटिक आणि लिव्हर टॉनिक मिसळा. चांगले जिवाणू आतड्यात कायमचं घर करतात, यकृतावरची चरबी वितळते, आणि सगळं नैसर्गिक असल्यामुळे अपाय शून्य.” मत्स्यपालकांच्या ग्रुपवर हा संदेश सारखा फिरतो. पूरक घटक निरुपयोगी आहेत असं माझं म्हणणं नाही, पण हा संदेश धड नाही.

“कायमचं घर करतात.” सहसा नाही. देणं थांबलं की त्यांची संख्या घसरत जाते. त्याआधी ते जिवंत आत पोचायला तर हवेत! गोळी खाद्य यंत्रातून निघतं तेव्हा तापमान बऱ्याचदा १०० अंशांच्या वर गेलेलं असतं. त्यात लॅक्टोबॅसिलस गटाचे जिवाणू टिकत नाहीत, बॅसिलस गटाचे बीजाणूंच्या, म्हणजे जाड कवचातल्या सुप्त रूपात तग धरतात. त्यामुळे पाकिटावर नुसतं ‘प्रोबायोटिक’ लिहिलेलं असून भागत नाही. जिवाणू कोणता, आणि तो गोळी बनण्याआधी मिसळलाय की नंतर तेलासोबत वरून लावलाय, हे विचारा.

“यकृतावरची चरबी वितळते.” आतड्यातून निघालेलं रक्त थेट यकृतात जातं, त्यामुळे आतडं बिघडलं की यकृताला झळ लागते, इतपत खरं. पण यकृतात चरबी साठते ती खाद्यात तेल किंवा पिष्ट जास्त झाल्याने, कोलीन (यकृतातली चरबी बाहेर न्यायला लागणारा पोषक घटक) कमी पडल्याने. आणि खवट तेलासोबत ई जीवनसत्त्वाचा तुटवडा असेल तर यकृताची आणखी दैना होते. तेच खाद्य चालू ठेवून वरून टॉनिक ओतल्याने काय साधणार?

पूरक घटक खरंच कामी आला, असं उदाहरण जपानमधलं आहे. तिथे रेड सी ब्रीम आणि यलोटेल या माशांच्या खाद्यात मासळीची कुटी कमी करून सोयाबीनसारखी वनस्पती प्रथिनं वाढवली, तेव्हा माशांची यकृतं चक्क हिरवी निघू लागली. वनस्पतींत टॉरिन (प्राणिज खाद्यात मिळणारं, अमिनो आम्लासारखं पोषक द्रव्य) जवळपास नसतंच, आणि हे मासे ते स्वतः पुरेसं बनवू शकत नाहीत. ते कमी पडल्यावर तांबड्या पेशी फुटू लागल्या आणि पित्तातली हिरवी रंगद्रव्यं यकृतात साठली. खाद्यात टॉरिन घातलं, दोष आटोक्यात आला. नेमकी उणीव सापडली होती म्हणून उपाय लागू पडला. सरसकट टॉनिकमागे असं कुठलं निदान असतं?

सॅमन माशाचंही तसंच. सोयाबीन पेंडीतल्या सॅपोनिन नावाच्या फेसाळ वनस्पतिजन्य द्रव्यामुळे त्याच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते, तिथल्या घड्या आखूड होतात. तिथे आधी पेंड कमी करायची किंवा सॅपोनिन काढलेली वापरायची; जिवाणूंचा विचार नंतर.

“नैसर्गिक म्हणून अपाय शून्य” हा तर सगळ्यात पोकळ दावा. अफ्लाटॉक्सिनही नैसर्गिकच, बुरशीतून येणारं विष. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या पैदास केंद्रांवर रेनबो ट्राउटमध्ये यकृताच्या कर्करोगाची साथच आली होती. मूळ निघालं खाद्यातल्या बुरशी लागलेल्या सरकीच्या पेंडीत. या माशाला अब्जात मोजके भाग एवढं विषही पुरतं. आणि अ जीवनसत्त्व? जास्तीचं बाहेर न पडता साठतं, तेही यकृतातच.