ते पेन टेबलावर ठेवायला लावलं कुणी?

आज दुपारी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर एक क्लिप आली. चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याची सभा, मोठा मांडव, मागे कीबोर्डचा सूर धरलेला. बारा-तेरा वर्षांचा मुलगा स्टेजवर उभा आहे. त्याचा बाप शर्टाच्या खिशातून इन्सुलिनचं पेन, म्हणजे मधुमेहाची सुई, काढतो, टोपण नीट दाबून बसवतो आणि वक्त्यासमोरच्या टेबलावर ठेवतो. "चार दिवस झाले, लेकराला सुई टोचली नाही. प्रभूने बरं केलं." हालेलूयाचा गजर. खाली ओळ लिहिलेली: विश्वास असावा तर असा! आणि तिच्याखाली हात जोडणाऱ्यांची रांग. त्यात दोघी नर्सिंग झालेल्या. अगं, तुम्ही तरी?

साक्ष नीट ऐका. बाप सांगतो की दोन महिन्यांपूर्वी मुलाला ॲडमिट केलं, साखर पाचशेच्या वर होती, मग सुया सुरू झाल्या आणि डोस हळूहळू कमी होत गेला. सगळं इथेच आहे. टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारत सुटते. निदान होतं त्या दिवशी थोड्या पेशी जिवंत असतात. बाहेरून इन्सुलिन मिळू लागलं की त्यांना उसंत मिळते आणि काही आठवडे, कधी काही महिने, त्या पुन्हा कामाला लागतात. डोस निम्म्यावर येतो, एखाद्या मुलाचा दोन-चार युनिटवरही येतो. डॉक्टर याला हनिमून फेज म्हणतात आणि घरच्यांना बजावतात की डोस कमी झाला तरी सुई पूर्ण बंद करू नका, कारण हा काळ संपतो. संपणार, हे ठरलेलं. साधा ताप, घसा, जुलाब, काहीही निमित्त पुरतं.

मग काय होतं? मूल सारखं पाणी मागतं, रात्री चारदा लघवीला उठतं. इन्सुलिन नाही म्हणून साखर पेशीत शिरत नाही, शरीर चरबी जाळू लागतं, रक्तात कीटोन नावाची आम्लं साचतात आणि रक्त आम्ल होतं. पोटात दुखतं, उलट्या होतात, श्वास खोल आणि भरभर चालतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. एक-दोन दिवसांत मूल बेशुद्ध होऊ शकतं. घरचे म्हणतात अपचन झालं. ज्यांनी पेन टेबलावर ठेवलंय ते म्हणतात सैतान परीक्षा घेतोय, आणखी प्रार्थना करा. हे तासांचं काम आहे हो. सलाईन, शिरेतून इन्सुलिन, पोटॅशियमवर नजर, यातलं काहीही घरी होत नाही.

मोठ्या माणसांचा, टाइप २ चा मामला वेगळा, पण तिथेही तेच. तीन दिवस उपवास-प्रार्थना केली, सकाळी साखर तपासली, शंभर आली, लगेच साक्ष! अहो, तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर साखर खाली येणारच. एचबीएवनसी ही रक्ततपासणी करा, ती साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. इतर आजारांचंही तेच. टीबीच्या गोळ्यांनी काही आठवड्यांत खोकला थांबतो, वजन चढतं, माणूस 'बरा झालो' म्हणून सहा महिन्यांचा कोर्स सोडतो, आणि उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. फिट्सची गोळी तर एकदम बंद केली की फिट थांबता थांबेनाशी होऊ शकते. ही औषधं कमी करतात तीसुद्धा बहुधा दोन वर्षं फिट आली नाही तर, आणि महिनोन् महिने उतरवत नेऊन.

आता मला बायबलचं वचन सांगायला येतील. या. लूक १७. दहा कुष्ठरोगी दुरूनच हाका मारतात. येशू काय म्हणतो? जा, स्वतःला याजकांना दाखवा. लेवीय १४ उघडून बघा. याजक वस्तीच्या बाहेर येऊन तपासणार, मग कपडे धुवायचे, केस काढायचे, सात दिवस तंबूबाहेर राहायचं, आठव्या दिवशी अर्पण. म्हणजे ज्याने बरं केलं, त्यानेच तपासणीला पाठवलं! आणि आपल्या मांडवात चार दिवसांत माइक हातात देतात. फ्रान्समधल्या लूर्द या कॅथलिक तीर्थस्थानी १८५८ पासून आजारी माणसं येतात, बरं झाल्याचे हजारो दावे तिथे नोंदले गेले. आजार गंभीर होता का, निदान पक्कं होतं का, बरं होणं अचानक आणि पूर्ण होतं का, टिकलं का, उपचाराने झालेलं नाही ना, हे सगळं डॉक्टर वर्षानुवर्षं तपासतात. २०१८ मध्ये चर्चने चमत्कार मानला तो सत्तरावा. देवाच्या नावावर खोटं जाऊ नये म्हणून एवढी काळजी. आपले प्रोटेस्टंट बंधू लूर्दचं नाव काढलं की नाक मुरडतात, पण हे तरी त्यांच्याकडून घ्या.

हो, डॉक्टरांनी हात टेकलेली माणसं उठून बसली आहेत, ते मी नाकारत नाही. आणि दवाखान्याच्या बिलाने खचलेला माणूस मांडवात जातो, हेही खरं.

त्या बापावर माझा राग नाही. क्लिप पुन्हा पाहिली तेव्हा त्याचे हातच दिसत राहिले. दिवसाला चार वेळा पोराच्या पोटात, मांडीत सुई. बोट टोचून साखर बघायची, पट्ट्यांचा खर्च वेगळा. रात्री साखर उतरली तर म्हणून उशाशी ग्लुकोज. हे जन्मभर, असं कुणी सांगितल्यावर कुठला बाप सुटका शोधणार नाही? मार्क ९ मध्येही एक बाप मुलाला घेऊन येतो. लेकरू लहानपणापासून झटके येऊन विस्तवात पडतं, पाण्यात पडतं. तो धड विश्वासही दाखवू शकत नाही. म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. येशूने त्याला 'आधी विश्वास वाढवून ये' म्हणून परत पाठवलं नाही. मुलाला बरं केलं.

आणि हेच मला ओरडून सांगायचंय. देवावर अवलंबून राहणं म्हणजे भार देवावर टाकणं. तुम्ही त्या बापाला कशावर अवलंबून राहायला शिकवलंत? त्याच्या स्वतःच्या विश्वासावर! तो पुरेसा आहे की नाही हे दाखवायला पेन टेबलावर ठेवायचं, आणि उद्या साखर चढली तर तुमचं उत्तर तयार: तुमचा विश्वास कमी पडला. वक्ता तोवर पुढच्या गावी. पोराच्या उशाशी बसलेल्या बापाने हे ऐकायचं? बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षं आजारी पडलेल्या माणसाला आपल्याला कुणी बरं केलं हेही ठाऊक नव्हतं. कुठे मोजला त्याचा विश्वास? प्रेषित पौलाने देहातल्या काट्यासाठी, म्हणजे अंगाला जडलेल्या पीडेसाठी, तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही, माझी कृपा तुला पुरे आहे एवढं उत्तर मिळालं. सोबती त्रफिमाला तो मिलेत गावी आजारी सोडून आला. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणाला. हिज्कीया राजाच्या गळवावर यशया संदेष्ट्याने अंजिरांचं पोटीस बांधायला लावलं, तेही देवाने पंधरा वर्षं आयुष्य वाढवल्याचं वचन दिल्यावर. यांचा विश्वास कमी पडला म्हणायची हिंमत आहे कुणाची?

१८९४ साली मिशनरी डॉ. वानलेस यांनी मिरजेला दवाखाना उभा केला, १९७० मध्ये आरोळे हे डॉक्टर दांपत्य खेड्यातल्या आजाऱ्यांसाठी जामखेडला गेलं, परतवाड्याजवळ कोठाऱ्याला मिशनने कुष्ठरोग्यांची जखम धुतली, ते काय देवावर भरवसा नव्हता म्हणून? आपण महाराष्ट्रातले ख्रिस्ती या दवाखान्यांच्या सावलीत वाढलो आणि आता सुई टाकून देण्याला विश्वास म्हणतोय.

याकोबाचं पत्र सांगतं, मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना, बोलवा, तेल लावून प्रार्थना करा. करा ना, मीही येते. पण तेल लावणाऱ्या वडिलांनी तिथेच विचारावं, गोळी घेतली का, पुढची तारीख कधी आहे. साक्ष द्यायची असेल त्याने रिपोर्ट पाळकांना दाखवावेत, औषध बंद केलं असेल तर ते कोणत्या डॉक्टरने केलं ते सांगावं, आणि तीन महिने थांबावं. सभेचे संयोजक, स्टेजवरून औषध सोडायला सांगणाऱ्याच्या हातातला माइक काढून घेणं हे तुमचं काम आहे, तेवढंही जमत नसेल तर मांडव घालू नका.

ग्रुपवर ही क्लिप ज्याने टाकली त्याने ती कुठून आली ते आजच विचारावं. त्या घरापर्यंत कुणाचा तरी फोन गेला पाहिजे. पेन परत घ्या म्हणावं, आजच मुलाच्या डॉक्टरांना फोन करून डोस विचारा, साखर तपासा, लघवीतले कीटोन बघायच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात. उलट्या किंवा धाप सुरू झाली असेल तर सकाळची वाट न बघता १०८ लावा, प्रार्थना गाडीत करा.