पगार घेणाऱ्याशी मैत्री : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

मागच्या लेखावर 'एक सोलापूरकर, सध्या पुणे' अशी सही करून तुम्ही जे लिहिलंत, त्याला खाली दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं. म्हणून हे वेगळं लिहितोय.

ज्यांनी दोन्ही वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सोलापुरात रेल्वे लाइन्समधल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर स्वतःला कोंडून घेतलेले, लकवा झालेले, टॉवेलचा कारखाना कधीच आवरलेले एक पैसेवाले गृहस्थ आणि त्यांना सांभाळायला कुंभारीच्या घरकुलातून येणारा ऐन विशीतला पोरगा, या दोघांच्या दोस्तीबद्दल मी लिहिलं होतं. नावं तेव्हा दिली नव्हती, आताही देत नाही. ओळखीच्या खुणाही बदलल्या आहेत. तुमचं म्हणणं असं, की पगार घेणारा मित्र नसतो. मी बंगल्याच्या गॅलरीत उभं राहून लिहिलं, जिन्याखाली चपला काढणाऱ्याच्या बाजूनं नाही. आणि मालकांनी डोळे मिटले की परदेशातला मुलगा येईल, पोरावर चोरीचा आळ तरी येईल किंवा मृत्युपत्रावरून खटला तरी, मग दोस्ती कुठं राहील? शेवटी तुमच्या आईबद्दल लिहिलंत. पुण्यात एका आजींना त्यांनी नऊ वर्षं सांभाळलं, आणि आजी गेल्यावर तेरावा व्हायच्या आत हातावर एका महिन्याचा पगार ठेवून त्यांना निरोप दिला गेला. लेख काढून टाका, असंही तुम्ही म्हणालात.

आईचं वाचून मलाही राग आला. पण तो राग तुम्ही मैत्रीवर काढताय, आणि तिथंच आपलं पटत नाही.

सात रस्त्याजवळ माझं मेडिकल आहे. पेशंट सांभाळणारी पोरं आणि बाया रोज काउंटरवर असतात. डायपर, युरिन बॅग, शुगरच्या पट्ट्या, पाठीला लावायची मलमं. कुणाला नर्सिंग ब्यूरोनं पाठवलेलं, कुणी ओळखीतून लागलेलं. पेशंटच्या घरची माणसं त्यांच्याबद्दल बोलताना हमखास म्हणतात, 'आमच्या घरच्यासारखाच आहे हो तो.' माझा अनुभव सांगतो, हे ज्याच्याबद्दल बोललं जातं त्याची दिवाळीची सुटी आधीच गेलेली असते. 'रात्री काय, नुसतं झोपायचं तर असतं' हेही त्याच माणसांचं वाक्य. लकव्याच्या पेशंटला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर माकडहाडापाशी, टाचेला जखमा होतात आणि त्या भरता भरत नाहीत. म्हणजे नुसतं झोपायचं याचा अर्थ गजर लावून लावून रात्र काढायची. तुमच्या आईला हे मी सांगायची गरज नाही.

आता त्या पोराचं. तो लागला तेव्हा पगार तोंडी, सुटी नाही, 'लागेल तसं बघू' अशी बोली होती. तीन महिन्यांनी त्यानं मालकांच्या मुलाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, मला रविवार पाहिजे, पगार बँकेत पाहिजे आणि हे लिहून पाहिजे. मालक पलंगावर पडून ऐकत होते. फोन बंद झाल्यावर म्हणाले, "रविवारी कुठं जाणार बे? काय कमी केलो तुला इथं?" पोरानं सांगितलं, "काही कमी नाही मालक. पण रविवार माझा आहे." त्यानंतर कितीतरी दिवस मालक त्याच्याशी बोलले नाहीत. औषध दिलं की तोंड उघडायचं, झालं. पहिल्या रविवारी बदली माणूस आला, त्याला त्यांनी जेवण परत पाठवायला लावलं. श्रीमंताचा रुसवा फार नीटनेटका असतो, आवाज न करता सगळ्या घराला त्रास देतो.

ही मागणी करायचं त्याला सुचलं कुठून, हे समजून घ्यायला त्याच्या घरी जायला हवं. त्याची आई बिडी वळते. कुंभारीची ती वसाहत, कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची, दहा हजार घरांची, 2006 साली विडी कामगार बायकांच्या ताब्यात आली आणि त्यामागं लाल बावट्याची कितीतरी वर्षांची लढाई होती. तुम्ही सोलापूरच्या, तुम्हाला हे माहीतच असणार. विडी कामगारांसाठी 1966 सालीच स्वतंत्र कायदा झाला. घरी बसून वळणाऱ्या बाईकडेही पुस्तक असतं, किती पान-तंबाखू नेलं, किती हजार बिड्या दिल्या, छाट, म्हणजे नापास बिड्या, किती निघाली हे मांडलेलं असतं, पीएफ असतो. मजुरी तुटपुंजी आहे, छाटीत कापतात, पाठ आणि छाती दोन्ही जातात, सगळं खरं. पण कागद आहे. लहानपणापासून आईला ते पुस्तक जपून ठेवताना पाहिलेला पोरगा एका बंगल्यात कामाला लागतो आणि त्याच्या लक्षात येतं, की आपल्याकडं काहीच नाही.

आणि खरंच नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी 2008 चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण त्याचा भर नोंदणी आणि योजनांवर. दिवसाचे तास किती, आठवड्याची सुटी कधी, हे मालकाच्या मर्जीवर. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 2011 मध्ये घरकामगारांसाठी करार केला, क्रमांक 189. त्यात आठवड्यातून सलग 24 तास विश्रांती सांगितली आहे. भारतानं त्याला मंजुरी दिलेली नाही. म्हणून जो माणूस बोलून दाखवतो त्याला सुटी मिळते, आणि जो भिडेखातर गप्प बसतो तो घरच्यासारखा होतो.

तुम्ही म्हणता पैसा आला की मैत्री गेली. मी त्या बंगल्यात उलटं पाहिलं. रविवार ठरला, पगार पाच तारखेला खात्यात पडायला लागला, आणि मालकांची एक कुचंबणा संपली. तोवर पोरानं हसून काही बोललं की त्यांना वाटायचं, आता हा काहीतरी मागणार. मागायचं ते त्यानं एकदाच, तोंडावर, मुलासमोर मागून टाकलं होतं. आता हसण्याला हसणं म्हणता येत होतं.

दोस्ती जुळली तीही अगदी फालतू कारणावरून. फीडिंग कपमधली पेज गादीवर सांडली आणि पोराच्या तोंडून तेलुगूत एक सणसणीत शिवी गेली. मालक खो खो हसले. कारखान्यात त्यांच्याकडचे बहुतेक विणकर पद्मशाली, उभं आयुष्य त्यांच्याशी तेलुगूत बोलण्यात गेलेलं, आणि कारखाना थांबल्यापासून ती भाषा कानावर पडली नव्हती. त्या दिवसापासून पोरगा खोलीत आला की "एमिरा", म्हणजे 'काय रे', अशी हाक. वाकड्या झालेल्या ओठांतून ती जरा चिरकी येते.

मग चादरीचं सुरू झालं. पोराचे आजोबा जेकार्डच्या मागावर होते, पण पोराला जेकार्ड म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. मालकांनी कपाटातून जुने ग्राफ पेपर काढायला लावले. मोर कसा चौकटी चौकटींत मोडायचा, त्या चौकटींवरून पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं कशी पाडायची, कार्डाची माळ फिरत गेली की कोणता ताणा उचलला जातो आणि कोणता खाली राहतो. उजवा हात चालतो, त्या हातानं पेन्सिल धरून ते अजून चौकटी भरतात. पोरगा जांभया देतो. पत्त्यात फसवतो. बीपीचं निमित्त करून मालकांची शेंगाचटणी कमी करतो आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वतः कडक भाकरीबरोबर हाणतो. मोबाइलवरून दोघांची रोज भांडणं. मी त्याला संत केलं असं तुम्ही लिहिलंत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

गॅलरीतून लिहिल्याचा तुमचा आरोप मला मान्य नाही. मालक खाली उतरत नाहीत, रस्त्याकडच्या खिडक्या उघडू देत नाहीत, लग्नकार्याला वर्षानुवर्षं गेलेले नाहीत, हे मी लांबण लावून लिहिलं कारण पोराची नोकरी नेमकी त्या बंद खोलीत आहे. पेशंट चिडका असेल तर ते सांभाळणाऱ्याच्या कामाचं वर्णन असतं. मालकांचं कौतुक असतं असं नाही.

आता मृत्युपत्राचं, कारण तुमचा सगळ्यात टोकदार मुद्दा तोच. तुमची भीती खोटी नाही. अमेरिकेत ह्युगेट क्लार्क नावाच्या बाई होत्या, 1906 साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या, वडील तांब्याच्या खाणींचे मालक. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर मोठे फ्लॅट, कॅलिफोर्नियात समुद्राकाठी हवेली, कनेक्टिकटमध्ये एक घर ज्यात त्या कधी राहिल्याच नाहीत. 1991 मध्ये उपचारासाठी इस्पितळात दाखल झाल्या आणि बऱ्या झाल्यावरही उरलेली 20 वर्षं इस्पितळाच्या खोलीतच राहिल्या. फिलिपिन्सहून आलेली एक खासगी नर्स त्यांना नेमून दिली गेली. ती वर्षानुवर्षं रोज बारा तास, आठवड्याचे सातही दिवस कामावर असे. बाईंनी तिला आणि तिच्या कुटुंबाला घरं, गाड्या, रोख, सगळं मिळून सुमारे 3.1 कोटी डॉलर दिले. 2005 मध्ये सहा आठवड्यांच्या अंतरानं दोन मृत्युपत्रं झाली. पहिल्यात बहुतेक मालमत्ता नातेवाइकांकडे जात होती, दुसऱ्यात नातेवाइकांना काही नाही आणि नर्सला मोठा वाटा. बाई 2011 मध्ये गेल्या, सुमारे 30 कोटी डॉलरची मालमत्ता कोर्टात अडकली, आणि 2013 च्या तडजोडीत नर्सला मृत्युपत्रातलं काहीच मिळालं नाही, उलट 50 लाख डॉलर परत करावे लागले.

लोक हे वाचून म्हणतात, नर्स लबाड होती. कुणी म्हणतं, नातेवाईक लबाड, वीस वर्षं कुणी फिरकलं नाही. मला त्यात वेगळंच दिसतं. सातही दिवस बारा तास घेणाऱ्या मालकिणीनं सुटीऐवजी भेटी दिल्या. मोठ्या घरातून दिलेली भेट नंतर कोर्टात काय ठरते, ते तिथं उभं राहिल्यावर कळतं. दोघींत माया नव्हती असं मी म्हणणार नाही. त्या मायेचा हिशोब कुणी ठेवला नव्हता.

आपल्याकडचा कायदा याबाबत फार संशयी आहे, आणि असायलाच हवा. करार कायद्याच्या कलम 16 प्रमाणं वय, आजार किंवा त्रासामुळं ज्याची बुद्धी कमजोर झाली आहे त्याच्याशी व्यवहार करणारा 'इच्छेवर प्रभुत्व गाजवू शकणारा' धरला जातो. मृत्युपत्रात ज्याला मोठा लाभ होतो त्यानंच ते करून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर शंका दूर करायची जबाबदारी त्याच्यावर, हे सर्वोच्च न्यायालयानं व्यंकटाचल अय्यंगार खटल्यात 1958 मध्येच सांगितलं आहे. रात्रंदिवस उशाशी बसणारा पोरगा या दोन्ही चौकटींत सहज बसतो, त्याची नियत काहीही असो.

गेल्या उन्हाळ्यात मालकांनी त्याला स्वतःचं जुनं घड्याळ दिलं. तो ते घेऊन माझ्या दुकानात आला, ठेवू का नको विचारायला. मी म्हटलं, मुलाला फोन लावून त्याच्यासमोर घे. त्यानं तसंच केलं. मुलगा तिकडून म्हणाला, घाल की, बाबांना आवडेल. तो कॉल पोरानं रेकॉर्ड करून ठेवला आहे. तुम्हाला हे रुक्ष वाटेल, मित्राची भेट रेकॉर्ड कशाला करायची? ज्याच्याकडं बंगला आहे त्याला हे करावं लागत नाही, ज्याच्याकडं नाही त्याला करावं लागतं. त्यानंतर मालकांनी घराचा एक हिस्सा त्याच्या नावे करायचा विषय काढला, तेव्हा यानं सरळ सांगितलं, मला पगार वाढवून द्या, ते घर तुमच्या नातवंडांचं. मालकांनी पुन्हा दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी पगार वाढवला.

मुलगा आल्यावर काय होईल ते मला सांगता येणार नाही. पोराकडं पगाराच्या नोंदींचं पासबुक आहे, रविवार लिहिलेला कागद आहे, घड्याळाचा व्हिडिओ आहे. तुमच्या आईकडं नऊ वर्षांचं यातलं काय होतं? नसणारच काही, कारण आजींना त्यांनी जीव लावला होता आणि जीव लावलेल्या घरात कागद मागणं त्यांना शोभलं नसतं. त्यांना काढलं ते त्या घरानं. आजींनी नव्हे. आजींची आणि त्यांची नऊ वर्षं खोटी होती असं तुम्ही ठरवून टाकलंत, तर त्या घरानं जे केलं त्यात तुम्ही आणखी थोडी भर घालाल. त्यांनाच विचारा एकदा, आजींबद्दल.

हा पोरगाही बहुतेक पुढच्या वर्षी जाईल. पुण्यात एका हॉस्पिटलला अर्ज केलाय, मालकांना सांगूनच. मालकांनी अर्जातलं इंग्रजी सुधारून दिलं आणि नंतर म्हणाले, "जा बे, पण गड्ड्याला ये." जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेची सुटी त्याला तिकडं मिळेल की नाही, ते तिकडच्या मालकावर.

लेख मी काढत नाही. तुमची प्रतिक्रिया मात्र लेखाच्या वर लावली आहे, आईबद्दलच्या ओळींसकट. त्या ओळी नको असतील तर कळवा, तेवढ्या काढतो.