कोंबडा आहे का तलंग ते एकाला धड सांगता येत नाही, सल्ले मात्र शंभर

डोकं उठलंय माझं त्या काळ्या कार्ट्यापायी. चार महिन्यांचं होत आलं, अजून कळत नाही कोंबडा आहे का तलंग, म्हणजे अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी, आणि माज असा की अख्खं परसदार याच्या बापाचं. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की बाकीच्या कोंबड्या कण्यांकडे धावतात आणि हे धावतं कोंबड्यांकडे. माझी तांबडी गावठी, इतकी गरीब, आत्ताच कुठे खुडूक बसून पिल्लं काढलीयेत तिने, तर काल तिच्या पिल्लाच्या डोक्यातच चोच घातली याने. उचलून बघितलं तर डोक्यावरची कातडी सुटलेली, खालचं लाल मांस दिसतंय, आणि ते एवढंसं पिल्लू ओरडतसुद्धा नव्हतं, नुसतं डोळे मिटत होतं. हळद दाबली आणि घरात टोपलीखाली ठेवलं, कारण एकदा रक्त दिसलं की बाकीच्या पण तिथेच टोचत बसतात, मग पिल्लू हातचं जातं.

आणि तो पिल्लं विकणारा! गल्लीत टेम्पो उभा करून छातीठोकपणे सांगतो, ताई सगळ्या माद्याच आहेत, म्हणून वरचे पैसे घेतले. अरे एक दिवसाच्या पिल्लाची नर-मादी ओळखायला शेपटीखाली दाबून बारकाईने बघावं लागतं, हॅचरीत त्यासाठी शिकलेली माणसं असतात, ते अंड्याच्या जातींसाठी करतात, या कडकनाथ-असील-गावठी जातींच्या खिचडीसाठी कोण करतंय? नर-मादी मिक्स आहेत म्हणून सरळ सांग ना, निम्मे कोंबडे निघतील हे कुणालाही कळतं. फोन केला तर म्हणे मोठं झालं की कळेल की ताई. मोठं होईपर्यंत माझी पिल्लं काय तू येऊन राखणारेस?

आता सल्लेवाले. जो येतो तो म्हणतो तुरा बघ, लाल झाला की कोंबडा. अहो लाल होणार कुठून, कडकनाथचं रक्त आहे त्यात, तुरा काळपट जांभळाच राहतो. बरं उंच तरी व्हावा, तर असीलचा अंश आलाय, म्हणजे तुरा बसका, चपटा, नर असो की मादी. दुसरे म्हणतात मान बघ कशी ताठ, पाय बघ केवढे जाड, कोंबडाच. असीलच्या कोंबड्या कधी बघितल्यात का? त्याही तशाच उंच, ताठ आणि भांडकुदळ. पायामागचा काटा बघ म्हणे, या वयात तिथे दोघांनाही नुसती गाठ असते. खरी खूण कंबरेवरच्या पिसांची, कोंबड्याची लांब, टोकदार, चकचकीत येतात आणि कोंबडीची गोल टोकाची, ते मला माहितीये, रात्री बॅटरी लावून बघते मी, तर एखाददुसरं टोकदार वाटतं, बाकी सगळी गोल. आरवत पण नाही. मोठा कोंबडा घरात असला की लहान कोंबडे बरेचदा तोंड दाबून राहतात, म्हणजे त्यावरूनही काही सांगता येत नाही.

भांडतात सगळीच हो, तलंगा पण छातीला छाती लावून भांडतात, कोण वर कोण खाली हे ठरवायला, मग एकीने मान खाली घातली की विषय संपतो. हे कार्टं संपवत नाही. समोरची पळाली तरी मागे जाऊन टोचतं, कोपऱ्यात दाबून पाठीवरची पिसं उपटतं. जागा कमी असेल, प्रोटीन कमी पडत असेल, सगळं ऐकलं मी. खाण्याची दोन भांडी लांब लांब ठेवली, सुकटीचा चुरा घातला, कोबीचा गड्डा टांगला टोचायला, डालग्याखाली वेगळं कोंडून परत सोडलं. बाहेर आल्या आल्या पहिली चोच तांबडीलाच. परवा माझ्या जावेच्या पोरीच्या अंगावर उडालं, तिच्या तोंडाएवढी उडी होती, डोळ्याला लागलं असतं तर?

सासूबाई म्हणतात रविवारी लावा चुलीवर. कापायचं काही नाही मला, पण तलंग निघाली तर महिना-दोन महिन्यांत अंड्यावर येईल, एवढे दिवस मका-कण्या घातल्या त्या काय हाडं चघळायला? आणि कोंबडा निघाला तर दोन कोंबडे पोसण्याइतक्या कोंबड्या नाहीत माझ्याकडे, दोघं मिळून त्यांच्या पाठी सोलून काढतील. म्हणजे निर्णय घ्यायचा तर आधी ते काय आहे हे कळायला पाहिजे, आणि तेच कळत नाही.

आता आंब्याखाली जाळी मारून त्यात एकटं टाकलंय, तिथूनही तांबडी दिसली की जाळीवर धडका देतंय. राहू दे. तो टेम्पो परत गल्लीत येऊ दे फक्त, सगळ्या बायांसमोर हे त्याच्याच पिंजऱ्यात सोडणार आणि मादीचे म्हणून घेतलेले वरचे पैसे मोजून परत घेणार.