सुई समोरच्यासाठी असते

मे महिन्याच्या अखेरीस रुग्णालयाच्या नोटीस बोर्डावर, कुणाच्या तरी निवृत्तीच्या निरोप समारंभाशेजारी आणि हरवलेल्या स्कूटरच्या किल्लीखाली, एक कागद लागतो. 'सर्व कर्मचाऱ्यांनी इन्फ्लुएंझाची लस घ्यावी.' सर्व म्हणजे डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, मामा, मावशी, एक्स-रेवाले, लॅबवाले, सगळेच. पाऊस तोंडावर आलेला असतो आणि आपल्याकडे फ्लूचा मोठा हंगाम पावसाचं बोट धरूनच येतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुम्हीच तर ओपीडीत आजोबांना बजावत असता, "पावसाळ्याआधी फ्लूचं इंजेक्शन घेऊन टाका, उगाच विषाची परीक्षा नको." म्हणूनच या कागदाला तोंड कसं द्यायचं याची तयारी वेळेवर करायला हवी.

पहिलं म्हणजे, नकार देऊ नका. नवखी मंडळी इथेच फसतात. नकार दिला की कारण विचारतात, कारण सांगितलं की कुणीतरी ते खोडून काढतं, आणि बोलता बोलता बाही कधी वर गेली ते कळतसुद्धा नाही. मुरलेला माणूस एवढंच म्हणतो, "घ्यायचीच आहे हो." आज मोठा राऊंड आहे. उद्या नाइट. परवा नाइट ऑफ. मग नणंदेच्या मुलीचं लग्न, तिथे दंड धरून कुठे बसणार? जुलै उजाडला की सूर बदला: "आता सीझन सुरूच झाला, आता काय उपयोग?" सप्टेंबर सरला की तुम्ही सुटलात. जानेवारी ते मार्चमध्ये फ्लूचा आणखी एक छोटा हंगाम असतो, पण त्याची आठवण आपण होऊन काढायची नाही. तो आला की 'व्हायरल आहे' म्हणायचं.

इतकं करूनही इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरनी पिच्छा सोडला नाही, तर हुकमाचं पान टाका. "मागच्या वेळी घेतली आणि त्याच आठवड्यात फ्लू झाला." दंडात टोचतात त्या लसीत विषाणू मेलेला असतो, बहुतेक वेळा त्याचे तुकडेही केलेले असतात, आणि मेलेला विषाणू उठून कुणाला फ्लू देत नाही, हे मायक्रोबायोलॉजीच्या पेपरात लिहून तुम्ही मार्क मिळवले आहेत. पण ते परीक्षेपुरतं. लसीनंतर दंड ठणकतो, कुणाला एखादा दिवस कसकस येते. तिला बिनधास्त फ्लू म्हणा. लसीचं संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. त्या मुदतीत वॉर्डातल्या तीन नंबरच्या खाटेवरून खराखुरा फ्लू उचललात, तर तोही लसीच्या नावावर मांडा. सर्दी-खोकला देणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत. वर्षभरात त्यांतला जो भेटेल त्याचं बिल इथेच लावता येतं. एक पथ्य पाळा: हेच वाक्य पेशंटने उच्चारलं, तर कपाळाला हात लावून शेजारच्या डॉक्टरांकडे बघायचं आणि म्हणायचं, "बघा, व्हॉट्सअ‍ॅप वाचून येतात."

ज्यांना असं बोलणं गावठी वाटतं, त्यांच्यासाठी शास्त्रीय आक्षेप आहे. लस शंभर टक्के नाही! अगदी खरं. फ्लूचा विषाणू दर वर्षी थोडा वेष बदलतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, पुढच्या लसीत कोणते विषाणू घालायचे ते सुचवते. अंदाज जमलेल्या वर्षी डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू होण्याचा धोका ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो, फसलेल्या वर्षी त्याहून कमी. तुमच्यासारख्या पुराव्यावर चालणाऱ्या माणसाला असले आकडे कसे पटावेत? त्याच कडक कसोटीला उतरल्यामुळे तुम्ही सर्दी-तापाच्या प्रत्येक केसपेपरवर अझिथ्रोमायसिन हे जिवाणूंवरचं अँटिबायोटिक लिहिता. फ्लूच्या विषाणूवर त्याचा परिणाम शून्य टक्के. शून्यात निदान अनिश्चितता तरी नसते.

आणि मग अनुभवाचा आवाज: "पंचवीस वर्षं वॉर्डात काढली, मला कधी काही झालं नाही." हे वाक्य बोलताना खोकला आला, तर तो धुळीचा असतो. तुम्ही रुग्णालयात आहात, आणि इथला मूळ नियम असा की ज्याचा केसपेपर निघाला तोच आजारी. तुमचा निघालेला नाही. सबब तुम्ही आजारी नाही.

यातूनच आपल्या क्षेत्रातलं सर्वोच्च शौर्य जन्माला येतं, ते म्हणजे अंगात ताप घेऊन ड्यूटी. यावर जरा थांबू, कारण हे नीट जमलं तर वर्षभर नाव होतं. सकाळी अंग मोडून आलंय, डोळे लाल आहेत, थर्मामीटर एकशे दोन दाखवतो. पॅरासिटामॉल घ्या आणि हजर व्हा. मास्क लावा, पण नाक गळत असताना मास्क ओला होतो, म्हणून तो हनुवटीवर असू द्या. तिथेही तो दिसतोच. कण्हू नका, पण कण्हत नाही आहात हे सगळ्यांना समजेल असं चाला. दुपारपर्यंत इन्चार्ज सिस्टर म्हणतील, "शिका जरा, एवढ्या तापात आलेत!" घरी पडून राहिला असतात तर कामचुकार ठरला असतात. फ्लूचा माणूस ताप चढण्याच्या आदल्या दिवसापासूनच विषाणू सोडू लागतो आणि पुढे पाच-सात दिवस सोडत राहतो, म्हणजे तुमच्या शौर्याचा शुभारंभ कालच झालेला आहे, तुम्हाला पत्ता लागण्याआधी. आता वाटपाला निघा. डायलिसिसच्या खुर्चीवरच्या काकांच्या कानाशी वाकून चौकशी करा. किमोथेरपी चालू असलेल्या ताईंच्या पाठीवरून हात फिरवा. प्रसूती कक्षातल्या बाळाला तर जवळ घ्याच. सहा महिने पूर्ण होईपर्यंत त्याला फ्लूची लस देता येत नाही, त्यामुळे लसीचा अडथळा त्याच्या बाजूनेही नाही आणि तुमच्या बाजूनेही नाही. त्याच्या आईला मात्र गरोदरपणात लस घ्यायला तुम्हीच गोड बोलून तयार केलं होतं. "बाळासाठी घ्या हो" म्हणाला होतात. तिने मुकाट्याने दंड पुढे केला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं कुणी टोमणा मारलाच, तर वाईट वाटून घेऊ नका. पाषाणाला फ्लू होत नाही.

परंपरेचं पाठबळ हवं असेल तर पुणं आहेच. ऑगस्ट २००९ मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि शहराची दातखीळ बसली. शाळा बंद, थिएटरं बंद, नायडू रुग्णालयाबाहेर रांगा, मास्क मिळेनात म्हणून तोंडाला रुमाल. जो तो विचारत होता, लस कधी येणार? २०१० मध्ये ती आली. केंद्र सरकारने परदेशातून सुमारे १५ लाख डोस मागवले आणि ते कुणासाठी, तर सगळ्यांच्या आधी आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी. त्यावर कितीतरी रुग्णालयांतून विचारपूर्वक उत्तर गेलं: आधी दुसऱ्यांना घेऊ दे, मग बघू. दुसरे कुणी यादीत नव्हतेच, ही सरकारची चूक.

एखादा इतिहासप्रेमी हाफकिनचं नाव काढेल. १८९७ सालचा जानेवारी, मुंबईत प्लेग, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तोकड्या जागेत या गृहस्थाने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारीला पहिल्यांदा टोचली ती स्वतःला. ताप आला, दुखलं, तरी हूं की चूं केलं नाही. मग इतरांना. गोष्ट अडचणीची आहे, पण उत्तर सोपं आहे: तेव्हा एथिक्स कमिटी नव्हती. कुणी १६ जानेवारी २०२१ ची आठवण देईल, की कोविडच्या लसीला आपण पहिल्या रांगेत होतो, दंड दाखवत सेल्फी काढत होतो. त्याला सांगा, तेव्हा आम्ही घाबरलो होतो. (हे खरं उत्तर आहे, म्हणून दबक्या आवाजात द्या.) कुणी थेट अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलला जाऊन व्हर्जिनिया मेसन या रुग्णालयाने २००५ मध्ये लस ही नोकरीची अटच केली आणि ९७ टक्क्यांहून जास्त कर्मचाऱ्यांनी ती घेतली, असं सांगेल. तिथल्या परिचारिकांची संघटना या सक्तीविरुद्ध भांडली होती, एवढंच तुम्ही लक्षात ठेवा.

आता व्यवस्थापनासाठी वेगळा सल्ला, कारण एकट्या कर्मचाऱ्याच्या टाळाटाळीला मर्यादा असतात. खरं काम नियोजनाने होतं.

लसीकरण शिबिर मंगळवारी अकरा ते साडेबारा ठेवावं. त्या वेळी ओपीडी तुडुंब असते, ऑपरेशन थिएटर चालू असतं आणि नाइटवाल्या सिस्टर घरी झोपलेल्या असतात. जागा नव्या इमारतीचा चौथा मजला, लिफ्टचं काम चालू असताना. लस वॉर्डात घेऊन फिरायची कल्पना कुणी मांडली, तर कोल्ड चेनचं, म्हणजे लस सतत थंड ठेवण्याच्या नियमाचं, नाव घ्यावं. दोन ते आठ अंश सेल्सिअस म्हटलं की चर्चा थांबते, जणू पोलिओची लस आयुष्यभर खोक्यातून दारोदार नेली ती दुसऱ्याच कुणी. उद्घाटनाला मोठ्या साहेबांचा दंडावर कापूस धरलेला फोटो काढावा. कापूस खरा असतो. त्याच्या आत काय झालं, ते विचारण्याची पद्धत नाही.

यादी करताना डोकं शाबूत ठेवावं. यादीत फक्त कायम कर्मचारी. आयसीयूत चादरी बदलणारी, बेडपॅन उचलणारी, पेशंटला कुशीवर वळवताना त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असणारी मावशी ही 'एजन्सीची'. एजन्सी म्हणते लस रुग्णालयाने द्यावी, रुग्णालय म्हणतं एजन्सीने, आणि विषाणू दोघांचंही पत्र येईपर्यंत थांबतो. बाहेर घ्यायची तर डोसला दीड-दोन हजार मोजावे लागतात. तेवढ्यात मावशीच्या घरचा किराणा येतो. मावशीला मात्र चुकूनही विचारू नये. तिला ना मेलेल्या विषाणूवर शंका, ना टक्केवारीवर. ती पदर खोचून म्हणते, "द्या की, कुठल्या हातात?" आणि मग पंचाईत होते, कारण तिच्या नावाचा डोसच मागवलेला नसतो.

उरलेल्या डोसांची चिंता नको. साहेबांचे सासरे, विश्वस्तांची मुलं, आणि ओळखीपाळखीचे लोक यांत ते खपतात. पुढच्या वर्षी लसीतले विषाणू बदलू शकतात, त्यामुळे साठवून उपयोग नसतोच. शेवटी अहवालात लिहावं: 'कर्मचाऱ्यांचा प्रतिसाद अत्यल्प. जनजागृतीची नितांत गरज.' मग पोस्टर छापावेत. पोस्टरवर हसरी सिस्टर असावी, परदेशी चेहऱ्याची, इंटरनेटवर फुकट मिळते ती. तापाच्या माणसाला बिनबोभाट तीन दिवस रजा देण्याचा विषय निघालाच, तर तो पुढच्या बैठकीत घ्यावा. बदली माणूस कुठून आणणार, या प्रश्नावर सर्वांचं एकमत असतं आणि एकमताने संपणाऱ्या बैठका लवकर सुटतात.

हे सगळं सांभाळलंत तर धोका उरतो एकच, आणि तो बाहेरून येतो. ऑगस्टची सकाळ, ओपीडीत दम्याच्या आजी समोर बसल्या आहेत. तुम्ही नेहमीच्या सुरात त्यांना फ्लूच्या लसीचं महत्त्व पटवता. त्या नीट ऐकून घेतात, पिशवी मांडीवर सरळ करतात आणि विचारतात, "डॉक्टर, तुम्ही घेतली असंल ना?" इथे "घ्यायचीच आहे" चालत नाही, आजींना ते वाक्य पाठ आहे, बत्तीस वर्षं सून तेच म्हणतेय. शास्त्रीय आक्षेपही चालत नाही. तेव्हा घाबरून न जाता ड्रॉवरमधून बीपीचा पट्टा काढा, आजींच्या दंडाला गुंडाळा, स्टेथोस्कोप कानात घाला आणि म्हणा, "आजी, बोलायचं नाही हं, बीपी चुकतं." मग सावकाश फुगवत राहा.