‘सगळं एकातच’ म्हणे!

धंद्याचा साठा, पगार, बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअर विकणारा म्हणतो, “आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं आहे.” हे ऐकलं की डोकंच फिरतं. आहे हो सगळं, पण किती खोल? साठ्याचं मॉड्यूल, म्हणजे त्या कामाचा भाग, आहे, पण बॅचप्रमाणे मुदतीची तारीख ठेवता येत नाही. पगाराचं आहे, पण महिन्याच्या मध्यात पगारवाढ झाली की फरक हाताने काढा. मग कुणीतरी गुपचूप एक्सेल उघडतं आणि खऱ्या साठ्याचा हिशेब तिथेच राहायला लागतो.

बरं, प्रत्येक कामाला वेगळं सॉफ्टवेअर घ्या म्हणणारे तरी कुठे शहाणे? पाच सॉफ्टवेअर म्हणजे आपापसातल्या जोडण्या 10पर्यंत. एकीकडे ग्राहकाचा कोड 00417, दुसरीकडे तो आकडा म्हणून साठवला, पुढची शून्यं गळली, उरलं 417. झाली एकाच माणसाची दोन खाती! दोन सॉफ्टवेअरना जोडणाऱ्या दुव्याचं, म्हणजे एपीआयचं, उत्तर वेळेत आलं नाही की तेच बिल पुन्हा जातं. समोरचं सॉफ्टवेअर बिल क्रमांक तपासत नसेल तर विक्री दुप्पट दिसते. महिनाअखेरीस ताळमेळ लावत बसतो अकाउंटंट, आणि दोन्ही विक्रेते एकमेकांकडे बोट दाखवतात.

आणि निवड होते कशावर? डेमोवर! तोही विक्रेत्याच्याच गुळगुळीत डेटावर. अहो, आपला अर्धवट परत आलेला माल, बिलानंतर रद्द झालेली ऑर्डर, आगाऊ रक्कम दोन बिलांत वळती करणं, हे द्या ना त्याला समोर करायला. ग्राहकांची मूळ यादी कुठल्या सॉफ्टवेअरची, हे सहीआधी लिहून घ्या. एवढं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, “ते कस्टमायझेशनमध्ये होईल.” म्हणजे खास आपल्यापुरता बदल, त्याचे पैसे वेगळे, आणि पुढच्या अपडेटला सगळ्यात आधी मोडणार तेच.