डाव माझ्या हाती

आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत, चहाच्या किटलीच्या बरोबर वर, गेल्या सोमवारपासून माझा फोटो लावलेला आहे. फोटोत माझ्या हातात हातभर लांबीचा लाकडी चमचा आहे आणि चेहऱ्यावर सत्यनारायणाला पाटावर बसवलेल्या नव्या जावयाचं असतं तसलं हसू. खाली जाड मार्करने लिहिलंय, 'तेविसावा'. स्पर्धक तेवीसच होते.

शेवटचं यायला माझी हरकत नाही. मिरजेच्या शाळेत धावण्याच्या शर्यतीत मी इतक्यांदा शेवटचा आलोय की सर माझ्यासाठी थांबत नसत, फीत गुंडाळून घेत. माझं दुखणं बाविसाव्या जागेचं आहे. तिथे आमच्या एचआरच्या बाई आहेत. आमच्या रग्बीच्या फॅन्टसी लीगमध्ये त्यांनी पहिल्या आठवड्यात 'आपोआप संघ भरा' हे बटण दाबलं, मग पासवर्ड विसरल्या, आणि पुढचे चार आठवडे संघाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी पाच आठवडे रात्री दीडपर्यंत जागून, वहीत तक्ते आखून, बायकोची बोलणी खाऊन जो संघ लावला, त्याला या बटणाने हरवलं.

तर झालं असं. मी वेल्सच्या राजधानीत, कार्डिफमध्ये, विम्याच्या एका ऑफिसात संगणक सांभाळतो. इथे फेब्रुवारी-मार्चमध्ये सिक्स नेशन्स ही रग्बीची स्पर्धा असते: इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, फ्रान्स आणि २००० साली आत घेतलेला इटली. त्यावर ऑफिसात फॅन्टसी लीग, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ लावायचा आणि ते मैदानावर जे करतील त्याचे गुण आपण घ्यायचे. ठरावीक तारे मिळतात, त्यात पंधरा खेळाडू विकत घ्यायचे, एका देशाचे चारच. कप्तानाचे गुण दुप्पट, बाकावरून येणाऱ्या सुपरसबचे तिप्पट. टॅकलला, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडण्याला गुण; ट्रायला, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवण्याला भरपूर गुण; कार्ड मिळालं की वजा. रग्बीत पहिले आठ फॉरवर्ड, म्हणजे गाडा ओढणारे. उरलेले सात बॅक्स, म्हणजे गाड्यातून उतरून वरातीत नाचणारे. एवढं ज्ञान मला पुरेसं वाटलं. क्रिकेटच्या फॅन्टसीत मी एकदा दुसरा आलो होतो, त्याचा माज होता.

पहिला सामना पॅरिसला, फ्रान्स विरुद्ध वेल्स. माझ्याकडे फ्रान्सचा रोमां एन्टामाक. फ्रान्स ४३-० जिंकला, बॅक्सनी ट्रायच्या राशी ओतल्या, आणि सामना संपत आल्यावर एन्टामाकने कुणाच्या तरी मानेच्या उंचीवर टॅकल केला. लाल कार्ड. त्रेचाळीस गुणांच्या लग्नात माझ्याच माणसाला मांडवाबाहेर काढलं.

दुसऱ्या आठवड्यात मी स्कॉटलंडचे फिन रसेल आणि डार्सी ग्रॅहम घेतले. दोघे हुशार, दोघे चपळ. एडिंबरामध्ये आयर्लंडविरुद्ध ते दोघे एकमेकांच्याच डोक्यावर आपटले आणि दोघेही बाहेर गेले. मैदानावर तीस माणसं. माझ्या दोघांना आपटायला दुसरं कुणी सापडलं नाही. (दोघे नंतर याच स्पर्धेत खेळले, तेव्हा हसायला हरकत नसावी. त्या दिवशी मी हसलो नव्हतो.)

इथून पहिली टीप घ्या: संघ जाहीर होईपर्यंत हुशारी करू नका. आणि एकाच संघातले शेजारी-शेजारी खेळणारे दोघे घेऊ नका. हा सल्ला तेविसाव्या माणसाचा आहे हे मला कळतं. पण खड्डा कुठे आहे ते पडलेल्यालाच नीट सांगता येतं.

तिसऱ्या आठवड्यात मी रसेललाच कप्तान केला. किक मारणारा माणूस घ्यावा, ट्राय कुणीही करो, नंतरचे दोन गुण त्याचे, हे शास्त्र आहे. सामना लंडनला इंग्लंडविरुद्ध, कलकत्ता कपचा. या कपाची गोष्ट मला तेव्हाच कळली. कलकत्त्यातल्या साहेबांचा रग्बी क्लब मोडला, कारण क्लबात फुकट मिळणारी दारू बंद झाली आणि सभासद पांगले, असं सांगतात. बँकेत उरलेले चांदीचे रुपये काढून वितळवले, त्यांचा कप केला. कानांच्या जागी नाग, झाकणावर हत्ती. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड तो एकमेकांकडून हिसकावतात. १९८८ साली सामन्यानंतर दोन्हीकडच्या झिंगलेल्या खेळाडूंनी तो एडिंबराच्या रस्त्यावरून चेंडूसारखा लाथाडत नेला. म्हणजे रुपये आपल्याकडचे, लाथा त्यांच्या. त्यामुळे या सामन्यात मला उगाचच हक्काची भावना होती. स्कॉटलंडने तीन ट्राय केले. रसेलने तिन्ही किक चुकवल्या. शेवटची तर सामना संपताना, आत गेली असती तर स्कॉटलंड जिंकला असता. १६-१५. माझ्या कप्तानाच्या शून्याची दुप्पट किती होते, ते मी वहीत मांडूनसुद्धा पाहिलं.

चौथ्यात कप्तान अंत्वान द्यूपाँ. जगातला सर्वात चांगला स्क्रमहाफ, म्हणजे फॉरवर्डांकडचा चेंडू काढून बॅक्सना देणारा, २०२४ च्या ऑलिंपिकचं सोनं घेऊन आलेला. पहिल्याच सत्रात गुडघा गेला. फ्रान्सने बाकावर सात फॉरवर्ड आणि एकच बॅक ठेवला होता. मग ऑस्कार जेगू नावाचा फ्लँकर, म्हणजे फॉरवर्डच, बॅक्समध्ये जाऊन खेळला आणि ट्राय करून आला. नाचणाऱ्यांत गाडेवाला घुसला आणि नाचून बक्षीस घेऊन गेला. तो माझ्याकडे नव्हता.

आता शेजारच्या आजोबांविषयी सांगायलाच हवं, कारण पाचव्या आठवड्याचा गुन्हा निम्मा त्यांचा आहे.

आजोबा सत्तरी ओलांडलेले, मूळचे ऱ्होंडाच्या खोऱ्यातले, कोळशाच्या खाणीत काम केलेले. त्या खोऱ्यातली शेवटची खाण १९९० मध्ये बंद झाली. ते सांगतात, खाण गेली, चॅपल रिकामं झालं, क्लब तेवढा राहिला. गावच्या क्लबात अठरा वर्षं ते तीन नंबरला खेळले. त्यांचे कान तळलेल्या कुरडईसारखे आहेत. ते मला 'बट' म्हणतात. त्या भागात मित्राला तसंच म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. पहिला महिनाभर वाटायचं, हे दर वेळी 'पण' म्हणून वाक्य अर्धवट का सोडतात?

शेवटच्या फेरीआधीच्या गुरुवारी संध्याकाळी, रिमझिम पावसात, मी कचऱ्याचा चाकांचा डबा फुटपाथवर ठेवायला गेलो. आजोबाही त्यांचा डबा घेऊन आलेले.

"संघ लावलास, बट?"

मी फोन दिला. त्यांनी चष्मा लावला आणि रेशनच्या दुकानातली यादी तपासावी तसा एकेक खेळाडू बोट ठेवून वाचला.

"यात वेल्सचा कोण?"

"कुणी नाही."

बराच वेळ फक्त पाऊस बोलत होता.

"या गल्लीत किती वर्षं झाली तुला?"

"तीन."

"काउन्सिल टॅक्स कुठे भरतोस?"

"इथेच."

"पॅरिसला नाही भरत?"

"नाही."

"मग फ्रान्सचे चार कसे?"

"पाच घेता येत नाहीत म्हणून," मी म्हणालो. खरं बोलायची ती वेळ नव्हती.

वेल्स तेव्हा लागोपाठ सोळा सामने हरला होता. शेवटचा विजय ऑक्टोबर २०२३ मधला, विश्वचषकात जॉर्जियाविरुद्ध. शनिवारी समोर इंग्लंड, इथेच, गावाच्या मधोमध असलेल्या स्टेडियममध्ये. असा संघ पैसे देऊन कोण घेईल? हे मी त्यांना शक्य तितक्या सौम्य शब्दांत विचारलं.

"तुला कळतच नाहीये," आजोबा म्हणाले. "पुढचे आठ ठरवतात कोण जिंकणार. मागचे सात फक्त किती फरकाने ते ठरवतात. तुझ्याकडे सगळे मागचेच. तुला टाइटहेड पाहिजे. टाइटहेड काय करतो, माहितेय?"

"स्क्रममध्ये उजवीकडे असतो." (स्क्रम म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ फॉरवर्ड एकमेकांना धरून, वाकून समोरच्यांना ढकलतात तो प्रकार. पुढच्या रांगेत मधला हूकर, त्याच्या उजवीकडे तीन नंबरचा टाइटहेड.)

आजोबांनी टोपी काढली. घडी करून खिशात ठेवली. माझा डबा पुढे ओढला आणि त्याच्या चाकांना पायाने अडसर लावला. "हा तुझा हूकर. धर त्याला." मी डाव्या हाताने कचऱ्याच्या डब्याच्या गळ्यात हात टाकला. "वाक. पाठ सरळ. पाठ म्हणतोय, बट, कमान नाही. क्राउच!" मी वाकलो. समोरून एक कुरडईचा कान माझ्या कानाला येऊन टेकला. "बाइंड!" त्यांनी माझ्या जाकिटाची काख पकडली. त्या हाताला अजून कोळसा आठवत असावा. "सेट!"

त्यानंतर जे झालं त्याला ढकलणं म्हणता येणार नाही. मला फक्त माझे बूट मागे जाताना दिसले. कुत्रा घेऊन चाललेल्या एका बाईंनी रस्ता ओलांडला. समोरच्या खिडकीतून आजीबाई ओरडल्या की त्याला सोडा, तुमचं सूप निवतंय. तेवढ्यात आमची ही रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन दारात आली.

"अरे, काय चाललंय?"

"टाइटहेड," मी जमिनीकडे बघत म्हणालो.

"मग डब्याला मिठी कशाला मारलीयस?"

एवढ्यात हूकर कलंडला. चहाचा चोथा, केळ्याच्या साली, कालचं पिठलं, सगळं फुटपाथवर. त्यावर मी. आजोबा उभेच.

"स्क्रम पाडलास," ते म्हणाले. "पेनल्टी आमची."

आणि मग, मला हात देऊन उठवताना, सहज, "जॅक मॉर्गनला पण घे. फ्लँकर. हरणाऱ्या संघाचा फ्लँकर दिवसभर टॅकलच करतो."

हे एकच वाक्य त्या संध्याकाळचं सोनं होतं, बाकी सगळा कचरा. आमच्या लीगमध्ये टॅकलला गुण आहेत; जो संघ मार खातो, त्याला टॅकल करण्यावाचून दुसरं काम नसतं. दहा संकेतस्थळं चाळून मला जे सापडलं नाही ते आजोबांनी पिठलं झटकता झटकता सांगितलं. पण माझ्याकडे तारे एकालाच पुरणारे होते, आणि माझा ठणकणारा खांदा टाइटहेडच्या बाजूने होता. शेजारधर्म म्हणून मी वेल्सचा टाइटहेड घेतला. त्याचं नाव घेत नाही, त्या बिचाऱ्याचा यात काय दोष? त्याच्यासाठी मी फ्रान्सचा विंगर लुई बिएल-बिआरे विकला.

ज्यांना हे नाव माहीत नाही त्यांच्यासाठी: या पोराने पाचही सामन्यांत ट्राय केला. एकूण आठ. एका हंगामात आठ यापूर्वी झाले होते ते १९१४ आणि १९२५ साली. आठवा त्याने शेवटच्या शनिवारी केला, म्हणजे मी त्याला विकल्यावर दोन दिवसांनी. एचआरच्या बाईंकडे तो पहिल्यापासून होता. बटणाने घेतला होता. कोण आहे ते बाईंना आजही माहीत नाही. त्यांना वाटतं ती चीजची जात आहे.

वेल्स १४, इंग्लंड ६८. दहा ट्राय. हेन्री पोलक नावाचा वीस वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच देशासाठी बाकावरून आला आणि त्याने दोन केले. आमच्या लीगच्या विजेत्याकडे तो सुपरसब होता. माझ्या टाइटहेडचे गुण मी बघितले आणि फोन उशीखाली ठेवला.

रविवारी आजोबा कुंपणाशी उभे होते. वेल्सचा सतरावा पराभव, दुसऱ्या वर्षी सलग पाचपैकी पाच हरून तळाला.

"तीन नंबर बरा खेळला," ते म्हणाले. "स्क्रमला."

"हो."

"जॅकला घेतलंस ना?"

"घेतलं," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

सोमवारी चमचा. इथे तळाच्या संघाला लाकडी चमचा 'मिळाला' असं नुसतं म्हणतात, देत कुणी नाही. आमच्या ऑफिसला तेवढीच काय ती परंपरा खरी करायची हौस. चमच्याचं मूळ केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत आहे. १९०९ पर्यंत तिथे ऑनर्सच्या यादीत शेवटच्या येणाऱ्याला पोरं लाकडी चमचा द्यायची. त्याच परीक्षेत १८९९ साली कोकणातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे पहिले आले आणि पुण्याला 'रँग्लर परांजपे' मिळाले. आपल्याकडे त्या यादीचं फक्त वरचं टोक ठाऊक होतं. खालच्या टोकाची उणीव सव्वाशे वर्षांनी मी भरून काढली.

फोटो काढताना सगळे म्हणत होते, गंमत म्हणून घे. मी घेतलीही. पण किटली दिवसातून चारदा लावावी लागते, आणि आता प्रत्येक वेळी कुणीतरी माझ्या फोटोकडे, मग माझ्याकडे बघतं आणि 'क्रिकेटमध्ये बरा असशील' म्हणतं. इतकी वर्षं यांचे सर्व्हर रात्री दोन वाजता उठून चालू केले, त्याचा एक फोटो लावला नाही कुणी.

घरी आईला व्हिडिओवर चमचा दाखवला. ती म्हणाली, "चांगला जड डाव आहे की रे. बक्षीस मिळालं?" मी हो म्हणालो. परवा बायकोने त्यात शिरा ढवळला. नॉनस्टिकला ओरखडा येत नाही म्हणते.

फोटो काढून टाकावा असा अतिशय सभ्य भाषेत मेल मी काल केला. पॅन्ट्रीतल्या भिंतीचा विषय एचआरकडे येतो, म्हणजे त्याच बाईंकडे. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. आपोआप. बाई दोन आठवडे रजेवर आहेत.